पुष्पप्रेमिकांचीं मंडळें

संस्कृत कवींनीं फुलांवर जितकें लिहिलें, त्याच्या शतांशानेंही फुलझाडें लावणाऱ्यांवर लिहिलें नाहीं. अशोक फुलावा म्हणून सुंदरीनें त्यास नूपुरयुक्त पायानें ताडन करावें, बकुळीवर मद्याची चूळ टाकावी, असे दोहदाचे संकेत काव्यांत पदोपदीं आढळतात. 'मालविकाग्निमित्रा'च्या तिसऱ्या अंकांतील मुख्य प्रसंग तर या अशोकाच्या दोहदावरच उभा आहे. पण त्या अशोकाला खत कोणीं घातलें, उन्हाळ्यांत पाणी कोणीं ओढलें, आणि मूळ रोप कोणाच्या घरून आलें, हें सांगण्याची कवीला गरज भासली नाहीं. अपवाद म्हणून 'शाकुंतला'चा पहिला अंक दाखवितां येईल. तेथें तीन मैत्रिणी झाडांच्या आळ्यांत पाणी घालीत आहेत. एका नवमालिकेला शकुंतलेनें 'वनज्योत्स्ना' असें नांव ठेविलें आहे, आणि ती फुलावर आलेली पाहून तिघींची चर्चा चालली आहे. झाडाला स्वतंत्र नांव देणें, तें सर्वांनीं मिळून न्याहाळणें, आणि आडून राजा पाहत आहे याचेंही भान न राहतां त्याच गप्पांत रमून जाणें, हीं सारीं लक्षणें पुष्पप्रेमिकांच्या मंडळाचींच होत. आश्रमांत वर्गणी नव्हती, एवढाच काय तो भेद.

अशीं मंडळें आज आपल्याकडे मोबाइलच्या पडद्यावर भरतात. रोगट पानाचें छायाचित्र सकाळीं पाठवावें, दुपारपर्यंत दहा उपाय यावेत आणि त्यांतले चार परस्परांस छेद देणारे असावेत, हा अनुभव गच्चीवर पांच कुंड्या बाळगणाऱ्या प्रत्येक गृहिणीस आहे. त्या साधनाचें वर्णन मीं करण्याचें कारण नाहीं. वाचकांच्या नातवंडांना तें माझ्याहून अधिक अवगत आहे. मला सांगावयाचें आहे तें निराळें. असें कोणतेंही साधन हातीं नसतांना लोक फुलांसाठीं एकत्र कसे येत, एकमेकांस काय देत, काय लपवीत, आणि त्या देण्याघेण्यावर कित्येक फुलांचें अस्तित्वच कसें अवलंबून राहिलें, तें पाहण्यासारखें आहे.

इंग्रजींत 'फ्लोरिस्ट' म्हणजे आज फुलें विकणारा दुकानदार. सतराव्या-अठराव्या शतकांत त्या शब्दाचा अर्थ वेगळा होता. एखाद्या फुलाची निर्दोष आकृति साधण्यासाठीं तें वर्षानुवर्षें लावणारा, निवडणारा आणि दुसऱ्याच्या फुलाशीं ताडून पाहणारा हौशी मनुष्य, तो फ्लोरिस्ट. या लोकांनीं आठ फुलें आपलीं मानलीं होतीं: ट्यूलिप, ऑरिक्युला, कार्नेशन, पिंक, अ‍ॅनिमोन, रॅननक्युलस, हायसिंथ आणि पॉलिअँथस. प्रत्येकाचे नियम ठरलेले असत. पाकळीची कड कशी असावी, मध्यभागाचा रंग कोठें संपावा, रेघ कोठवर जावी, यांत सुईच्या अग्राइतकीही सवलत नसे. आपल्या साहित्यशास्त्रांत काव्यदोषांची जशी यादी आहे तशीच त्यांच्यापाशीं पुष्पदोषांची होती, आणि तिच्यावरून तितकेच कडाक्याचे वाद होत.

हें वेड श्रीमंतांचेंच असेल, अशी कोणाची कल्पना होईल. प्रारंभीं पुष्कळ अंशीं तसें होतेंही. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या छंदाची धुरा उत्तर इंग्लंडांतील हातमागाच्या विणकरांकडे आली. त्याचें कारण सरळ आहे. विणकराचा माग त्याच्या घरांत असे. त्यामुळें पाऊस आला कीं हातचा धोटा ठेवून अंगणांत धांव घेणें त्याला शक्य होतें. ऑरिक्युला हें आल्प्स पर्वतांतील फूल. त्याच्या पानांवर व फुलाच्या मध्यावर पिठासारखी पांढरी पूड असते, आणि पावसाचे चार थेंब पडले तरी ती विसकटते. पगारी माळी ठेवणाऱ्या जमीनदाराला जें साधत नसे तें लँकेशायरच्या विणकराला साधलें. वसंतांत गांवच्या मद्यगृहांत प्रदर्शन भरे (हें स्थळ आमच्या वाचकांस रुचणार नाहीं, पण गरिबांच्या वस्तींत दुसरी मोठी खोली मिळत नसे), आणि ऑरिक्युलाच्या पहिल्या बक्षिसाची परंपरागत वस्तु म्हणजे तांब्याची किटली. ती दाराबाहेर टांगलेली दिसली कीं येणाऱ्या-जाणाऱ्यास स्पर्धेची वार्ता कळे.

स्कॉटलंडांत पेस्ली गांवच्या विणकरांनीं पिंक हें फूल घेतलें आणि त्याच्या प्रत्येक पाकळीला काठ विणल्यासारखी गडद किनार आणली. हेच पेस्लीचे लोक पुढें काश्मिरी शालींच्या धर्तीवर शाली विणूं लागले, आणि आपली कोयरी जगभर त्या गांवच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. कोयरीचें नांव त्यांनीं घेतलें याबद्दल थोडें वाईट वाटतें. पण ज्या हातांनीं फुलाच्या पाकळीवर नक्षी उमटविली त्याच हातांना काश्मिरी नक्षीची ओढ वाटावी, यांत नवल नाहीं. यंत्रमाग आला, माणूस सकाळीं भोंग्याबरोबर गिरणींत जाऊं लागला, आणि घरच्या कुंड्यांकडे दिवसभर कोणी पाहीनासें झालें. त्याबरोबर यांतील बरींच मंडळें विरलीं व त्यांची कित्येक फुलें नाहींशीं झालीं.

एक मंडळ मात्र टिकलें. यॉर्कशायरमधील वेकफील्ड येथें १८३६ सालीं स्थापन झालेली ट्यूलिपप्रेमिकांची संस्था आजही दर मे महिन्यांत आपलें प्रदर्शन भरविते. राष्ट्रीय म्हणविणारी दुसरी मोठी ट्यूलिप-संस्था १९३६ सालीं मिटली, पण ही प्रांतिक संस्था चालूच आहे. येथें फुलें चांदीच्या पात्रांत ठेवीत नाहींत; तपकिरी रंगाच्या बिअरच्या बाटलींत एक-एक फूल उभें करण्याची जुनी रीति तशीच पाळली जाते. ट्यूलिपचे वर्ग तीन: पिवळ्या तळावर तांबड्या-तपकिरी रेघांचें तें 'बिझार', पांढऱ्या तळावर जांभळ्या रेघांचें तें 'बायब्लोमन', आणि पांढऱ्या तळावर गुलाबी-तांबड्या रेघांचें तें 'रोझ'. पाकळीच्या केवळ कडेनें पिसासारखी रेघ असेल तर एक जाति, मधूनही ज्वाला उठली असेल तर दुसरी. तळाला डाग चालत नाहीं. डर्बीचा टॉम स्टोरर हा आगगाडीचा इंजिन-चालक रेल्वेच्या बांधाच्या उतारावर ट्यूलिप लावी. त्यानें तयार केलेली एक जाति 'सॅम बार्लो' या धनिक ट्यूलिपवेड्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. कारखान्याचा धनी आणि इंजिन-चालक या दोघांना एका टेबलापाशीं आणील असें दुसरें काय त्या काळच्या इंग्लंडांत होतें, मला सुचत नाहीं.

या रेघांची एक विलक्षण कथा आहे. बियांपासून केलेलें ट्यूलिप प्रथम एकरंगी असतें. तसेंच तें दहा वर्षें राहील, आणि एखाद्या वसंतांत अकस्मात् रेघारेघांचें होऊन उमलेल. एकदां 'फुटलेला' रंग मग त्या कंदांत कायम राहतो. सतराव्या शतकांत हॉलंडमध्यें अशाच कंदांवर सट्टा झाला व १६३७ च्या फेब्रुवारींत तो कोसळला, हें सर्वश्रुत आहे. पण रंग कां फुटतो हें त्या सटोडियांस ठाऊक नव्हतें, विणकरांसही नव्हतें. डोरोथी केली या विदुषीनें लंडनजवळील जॉन इन्स संस्थेंत प्रयोग करून १९२८ सालीं दाखविलें कीं हा गुण नसून संसर्ग आहे. फुटलेल्या कंदाचा अंश निरोगी कंदांत घातला कीं त्याचाही रंग फुटतो. पुढें तो विषाणु असून मावा तो पसरवितो, असें निश्चित झालें. ज्या सौंदर्यासाठीं लोकांनीं घरें विकलीं तें सौंदर्य म्हणजे एक रोग होता!

या शोधाचा परिणाम मंडळावर झाल्याशिवाय राहिला नाहीं. रोगी कंद दुर्बळ असतो, त्याला लहान कंद थोडे फुटतात. आणि व्यापारी शेतांत तो ठेवणें म्हणजे शेजारच्या लाखों कंदांना धोका. त्यामुळें खरीं रेघांचीं जुनीं ट्यूलिप बाजारांतून गेलीं. आज दुकानांत पट्ट्यापट्ट्यांचीं दिसतात तीं विषाणुरहित, आनुवंशिक रेघांचीं, निराळीं फुलें. जुनें फूल हवें असेल तर तें जतन करणाऱ्या माणसाकडूनच मिळावयाचें. वेकफील्डचे सभासद आपल्याकडील जादा कंद मंडळांतील इतरांस देतात, आणि दीडशें-दोनशें वर्षांपूर्वींच्या जाति अशा हातोहात चालत आलेल्या आहेत. एका बागेंत पूर आला, एकाच्या घरीं कंद कुजले, तरी तीच जाति दुसऱ्याच्या वाफ्यांत शिल्लक असते.

गुलाबाच्या बाबतींत एक प्रसंग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सॅम्युएल रेनल्ड्स होल हे नॉटिंगहॅमजवळच्या एका खेड्याचे धर्मोपदेशक. १८५८ मधील पहिलें राष्ट्रीय गुलाब-प्रदर्शन त्यांच्याच खटपटीनें लंडनांत भरलें. आपल्या १८६९ च्या पुस्तकांत ते लिहितात कीं नॉटिंगहॅमच्या कांहीं कामगारांनीं त्यांना एप्रिलांत गुलाबांचें प्रदर्शन पाहण्यास बोलाविलें. त्या थंड मुलखांत एप्रिलांत गुलाब कोठून, कोणी थट्टा केली असावी, असें त्यांना वाटलें. गेले तों एका मद्यगृहाच्या माडीवर बाटल्यांत अस्सल गुलाब मांडलेले. मग त्यांनीं त्या कामगारांच्या बागा पाहिल्या. गांवाबाहेर भाड्याच्या चिमुकल्या तुकड्यांवर खोपटाएवढीं काचघरें होतीं. कडक थंडीच्या रात्रीं झाडें गारठूं नयेत म्हणून एका घरांत अंथरुणावरचें पांघरूण काढून काचघरावर घातलें होतें. नव्या जातींच्या महाग कलमांना पैसे कोठून येतात, असें विचारतां एकानें दारूचा खर्च वांचवून, असें उत्तर दिलें. होलसाहेबांचा आनंद वाचकाच्या लक्षांत येण्यासारखा आहे. त्या पांघरुणाशिवाय निजलेल्या गृहिणीला काय वाटलें, हें मात्र अधिक जाणून घ्यावेंसें वाटतें.

आतां पूर्वेकडे वळूं. आपल्या वैद्यकांत काळादाणा म्हणून एक रेचक बी आहे. तो वेल चीनमार्गें औषध म्हणून जपानांत गेला, आणि तेथें त्याचें नांव पडलें 'आसागाओ', म्हणजे प्रातर्मुख. एदो नगरींत, म्हणजे आजच्या तोक्योंत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आणि पुन्हां १८५० च्या सुमारास या वेलाचें असें वेड पसरलें कीं सामुराई आणि दुकानदार एका ओळींत बसून स्पर्धा पाहूं लागले. साधें निळें फूल त्यांना पुरेसें नव्हतें. पाकळ्या फाटून झालरी झालेलीं, आंतून उलगडत जाणारीं, पान सुतासारखें बारीक झालेलें, अशीं चित्रविचित्र रूपें ते शोधीत. त्यांचीं चित्रांचीं पुस्तकें निघालीं, आणि कुस्तीगिरांच्या क्रमवारीचा जसा तक्ता छापतात तसा फुलांचाही छापला जाई.

यांतील खरी करामत पुढेंच आहे. सर्वांत अद्भुत फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर यांचींच पाकळ्यांत रूपांतरें झालेलीं असल्यामुळें त्यांना बीच धरत नाहीं. मग पुढील वर्षीं तें फूल यावें कसें? त्या लोकांनीं नुसत्या निरीक्षणानें ओळखलें कीं ज्या शेंगेंतून असें फूल निघालें, तिच्यांतल्याच इतर साध्या दिसणाऱ्या भावंडांचें बी जपून पेरलें तर कांहींतून तें रूप पुन्हां प्रकट होतें. शेंकडों बिया पेरावयाच्या, पहिल्या दोन दलांच्या आकारावरून हवीं तीं रोपें वेंचावयाचीं, आणि शोभेच्या रोपाइतकीच काळजी त्याच्या सामान्य भावंडाची घ्यावयाची, अशी त्यांची पद्धति होती. मेंडेलचा निबंध १८६६ चा, आणि जगानें त्याची दखल घेतली १९०० सालीं. हे लोक त्याच्या आधींच तो व्यवहार करीत होते. आज यांतील पुष्कळ वाण जपानांतील क्यूशू विद्यापीठानें सांभाळले आहेत. पण विद्यापीठापर्यंत बी पोंचलें तें हौशी माणसांनीं पिढ्यान् पिढ्या पेरीत आणलें म्हणून.

त्याच जपानांत उलट टोकाचें उदाहरणही आहे. मात्सुदाइरा शोओ (१७७३–१८५६) या एदोमधील सामुराईनें आयुष्यभर हानाशोबू नांवाच्या पाणथळ जागेंतल्या आयरिसावर परिश्रम केले. कुमामोतोच्या होसोकावा सरदारानें रोपें मागितलीं, तेव्हां त्यानें तीं दिलीं, पण बाहेर कोणास जाऊं देणार नाहीं या अटीवर. कुमामोतोच्या लोकांनीं तें वचन विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पाळलें. त्या कडेकोट मंडळांत फुलाचें सौंदर्य अतिशय सूक्ष्म होत गेलें, हें कबूल केलें पाहिजे. बाजाराचा वारा लागला असता तर तें कदाचित् झालें नसतें. तरीही माझें मन त्या अटीस मान्यता देत नाहीं. एका गांवावर आग, भूकंप किंवा युद्ध आलें असतें तर काय उरलें असतें? शब्द पाळणारे लोक थोर खरे. पण शब्द पाळून फूल गमावण्याची पाळी आली नाहीं, हा त्यांच्या दैवाचा भाग.

आपल्या देशांत अशा मंडळाचा आद्य पुरस्कर्ता जो झाला, त्याचें मराठीवरही ऋण आहे. विल्यम कॅरी हा मूळचा चांभारकाम करणारा इंग्रज पाद्री १७९३ सालीं बंगालांत आला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत तो संस्कृत, बंगाली व मराठी शिकवी. वैजनाथ पंडिताच्या साह्यानें त्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मोडी लिपींत छापलेला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, हें मराठी शिकविणाऱ्यांस ठाऊक असतें. पण श्रीरामपूरची त्याची बाग फारशी कोणास ठाऊक नसते. इंग्लंडहून आलेल्या बियांच्या पिशवींतून बिया काढून घेतल्यावर त्यानें ती सावलींतल्या मातीवर झटकली, आणि कांहीं दिवसांनीं तेथें मायदेशची डेझी उगवली. देश सोडल्यापासून तें फूल त्यानें पाहिलें नव्हतें. तो पुन्हां इंग्लंडास कधीं गेलाही नाहीं. दरवर्षीं बी धरून ती डेझी मात्र त्यानें टिकविली. १८२० सालीं त्यानें कलकत्त्यास शेती व बागाइतीची संस्था स्थापिली. अलिपूर येथें ती अद्याप चालू आहे. १८२३ च्या पुरानें त्याची सारी बाग धुऊन नेली. त्या वेळीं तो बासष्ट वर्षांचा होता. त्यानें ती नव्यानें लावण्यास प्रारंभ केला. आपल्यामागें सहकारी मार्शमन बागेंत गाई सोडील, अशी भीति मात्र त्याला शेवटपर्यंत होती. हें वाचून हंसूं येतें, आणि लगेच येईनासें होतें. कारण एकट्या माणसाच्या बागेचें त्याच्यामागें बहुधा तसेंच होतें.

आपल्याकडे पुण्यास एम्प्रेस गार्डनमध्यें जानेवारींत पुष्पप्रदर्शन भरतें, मुंबईस राणीच्या बागेंत भरतें. गर्दी लोटते आणि तें योग्यच आहे. गुलाबाच्या बाबतींत गव्हाचे थोर संशोधक बेंजामिन पिअरी पाल यांनीं दिल्लींत गुलाबप्रेमिकांची संस्था उभारण्यांत पुढाकार घेतला आणि 'डॉ. होमी भाभा' या नांवाचा गुलाब स्वतः तयार केला. परंतु प्रदर्शनांत येणारीं फुलें बहुधा रोपवाटिकेंतलीं असतात. आमच्या आजीच्या परसांतलीं फुलें तेथें कोण नेणार?

आमच्या आळींत एका वृद्ध बाईंच्या परसांत शेवंतीचें एक जुनें झुडूप होतें. फूल लहान, पाकळ्या वरून पिवळ्या व खालून विटकरी, आणि वास असा कीं मार्गशीर्षांतल्या सकाळीं रस्त्यावरून जाणारा थांबे. मीं एकदां त्यांस म्हटलें, "काकू, पावसाळ्याच्या तोंडीं शेवंतीच्या चार काश्या द्याल का?" त्या म्हणाल्या, "मास्तर, फुलं हवीं तेवढीं न्या. काश्या नाहीं हो द्यायच्या. सासूबाई सांगून गेल्यात, घरची शेवंती उंबऱ्याबाहेर गेली कीं रुसते." सासूबाईंचें वचन मोडण्यास मीं त्यांना कसें सांगावें? कांहीं वर्षांनीं काकू गेल्या, मुलांनीं वाडा विकसकाला दिला, आणि वैशाखांत पाया खणला गेला. त्या दिवसांत शेवंतीला फूल नसतें; खणणाऱ्याला तें तण वाटलें असल्यास त्याचा दोष नाहीं. तसल्या रंगाची शेवंती मीं त्यानंतर रोपवाटिकांत विचारली. नांव विचारतात, नांव कोणालाच ठाऊक नाहीं.

हॉलंडांत लिमेन म्हणून एक गांव आहे. तेथील शाळेचे मुख्याध्यापक पीटर बोशमन यांनीं जुने कंद नष्ट होत आहेत असें पाहून १९२४ सालीं ते गोळा करण्यास आरंभ केला. १९२८ सालीं त्याची रीतसर बाग झाली, आणि आज तेथें चार हजारांवर वाण आहेत; त्यांत सतराव्या शतकापासून आलेलें एक ट्यूलिपही आहे. शाळामास्तरानें हें केलें, याचा मला व्यवसायबंधु म्हणून अभिमान वाटतो.

आमच्या वस्तींतील कांहीं भगिनींनीं गेल्या आषाढांत एक जाड वही घातली आहे. मोबाइलवरची चर्चा दोन दिवसांत वर सरकून दिसेनाशी होते, म्हणून वही. रकाने पांच आहेत: झाड, घरांत त्याला म्हणत तें नांव, कोणाकडून आलें, कोणत्या सालीं, आणि पुढें कोणास दिलें. एक दुहेरी मोगरा वाईच्या माहेराहून आलेला, एक फिकट गुलाबी गावठी गुलाब रत्नागिरीचा, एक पांढरी गुलबक्षी कोणाच्या आत्याबाईंची. नियम एकच ठेविला आहे. शेवटच्या रकान्यांत निदान दोन घरांचीं नांवें भरल्याशिवाय नोंद पुरी झाली असें मानीत नाहींत. सध्यां वहींत एकतीस नोंदी आहेत, आणि त्यांपैकीं नऊ नोंदींचा शेवटचा रकाना रिकामा आहे.